चार तासांची कोची आणि इवायाचा भाचा

मी अमरावतीच्या एका शाळेत अख्खी नोकरी भूगोल शिकवला. भरती-ओहोटी, खंडान्त उतार, गरम प्रवाह, थंड प्रवाह, सगळं. फळ्यावर लाटेचं चित्र मी इतकं सुबक काढायची की पुढच्या तासाच्या मॅडमना ते पुसायला जिवावर यायचं. आणि या बाईचा समुद्राला कधी हात लागलेला नव्हता. हसू नका. आमच्या शाळेची सहल दरवर्षी चिखलदऱ्याला जायची, कारण हेडमास्तरांचे साडू तिथं होते आणि पोरांचा चहा फुकटात व्हायचा. मुंबईला मी दोनदा गेले, दोन्ही वेळा दवाखान्याच्या कामानं. समुद्र दिसला तो टॅक्सीच्या काचेतून, पुलावरून. ह्यांनी "ते पाह्य" म्हणेपर्यंत पूल संपला.

मी रिटायर झाले तेव्हा मुलानं आणि सुनेनं क्रूझची तिकिटं काढून दिली. मुंबईहून कोची आणि परत मुंबई. तिकिटं चौघांची. आम्ही दोघं आणि सुनेचे आईवडील, अकोल्याचे. "चौघं सोबत जा, मजा येईल," असं पोरं म्हणाली. पोरं पुण्यात राहतात, त्यांना काय कळतंय! आमच्या वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात, विहिणीला इहीन. इवायासोबत कोणी मजा करत नसतं. इवायाचा मान ठेवत असतात. तो म्हणाला बसा की बसायचं, तो म्हणाला खा की खायचं, आणि आपल्याला काय हवंय ते घरी आल्यावर नवऱ्याजवळ बोलायचं.

मी बोलले होते हो नवऱ्याजवळ. निघायच्या आधीच. म्हटलं, मला बाकी काही नको, एकदा समुद्रात पाय बुडवायचे आहेत. आमचे हे मूळचे दर्यापूरकडचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. जन्मभर पाणी अडवत आणि सोडत बसलेला माणूस, त्याला पाण्याचं काय कौतुक! म्हणाले, "चार दिवस समुद्रावरच तं राहून राहिलो आपण. आखीन कायचे पाय बुडवतं?"

पण जहाजात बसून समुद्राला हात लागत नाही, हे चढल्यावर कळलं. मुंबईला एका काचेच्या बोळातून आत शिरलो, विमानात शिरतात तसे. कुठं पाणी नाही, वाळू नाही, सगळीकडे गालिचे. आमची खोली सहाव्या मजल्यावर. कठड्याशी उभं राहिलं की खाली पाणीच पाणी, आणि मी वरून बघतेय. दारात टँकर उभा आहे आणि आपण गच्चीवर कुलूपबंद, अशी गत झाली माझी.

इहीनबाईंना सांगायची तर सोयच नव्हती. त्याला कारण मीच. पहिल्याच संध्याकाळी त्या कठड्याशी आल्या आणि म्हणाल्या, "इहीनबाई, हे पाणी एवढं निळं काहून वो?" झालं. मला तेवढं पुरे असतं. प्रकाशाचं विकिरण, पाण्याची क्षारता, चंद्राचं गुरुत्वाकर्षण, एकेक करत मी थेट हिंदी महासागराच्या तळाशी पोचले. त्या बिचाऱ्या सातवी शिकलेल्या, पदर सावरत "हाव का? बाप्पा!" म्हणत ऐकत होत्या. शेजारी एक गुजराती जोडपं होतं, तेही थांबून ऐकायला लागलं. आता अशा बाईला कोणत्या तोंडानं सांगू, की बाई, मीसुद्धा आजच बघतेय? पुन्हा मी मुलाची आई. माझा हात वरचा.

तेव्हा सगळी भिस्त कोचीवर होती. जहाज दुपारी चारला लागणार होतं आणि आठच्या आत परत चढायचं होतं. नकाशा माझा तोंडपाठ. बंदरातून उतरायचं, रिक्षा करायची, फोर्ट कोचीचा किनारा गाठायचा. किनारा पश्चिमेला, म्हणजे सूर्य समुद्रातच बुडणार. पाय ओले करायचे, आणि परत. इतकं सोपं होतं की त्यात कोणी घोळ घालेल असं मला वाटलंच नाही.

घोळ मात्र अकोला स्टेशनातच झाला होता. गाडी अमरावतीहून निघालेली, त्यामुळे आम्ही आधीच जागा धरून बसलेलो. अकोल्याला इवाईबुवा चढले ते कापसाच्या गाठीएवढी पिशवी घेऊन. त्यांची बहीण बाळापूरला असते. बहिणीचा मुलगा, म्हणजे इवाईबुवांचा भाचा, कोचीला बँकेत. आपल्याकडचा कोणी त्या बाजूला निघालाय म्हटल्यावर बहिणीनं कुरडया, पापड, तुरीची डाळ, तिखट आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी भरून दिलेली. आमच्याकडे कोणी गावाला निघालं की त्याच्या हाती काहीतरी पाठवतातच, मग तो रेल्वेनं जावो की जहाजानं.

"काही नाई," इवाईबुवा म्हणाले, "पोरगं बंदराच्या गेटवर येऊन घेऊन जाईन."

बघा, किती शहाणपणाचं बोलले होते. गोष्ट तिथंच संपायची. पण आमच्या ह्यांना मान ठेवायची हुक्की आली. "गेटवरून? असं कसं इवाईबुवा? तुमचा भाचा तो आमचा भाचा. घरी जाऊ, घोटभर चहा घेऊ."

असं म्हणायची पद्धत असते. आणि समोरच्यानं "नाई नाई, कायले तरास" म्हणायची पद्धत असते. दोघांनी आपापलं वाक्य म्हटलं की विषय मिटतो. पण इवाईबुवा पडले मुलीकडचे. मुलाकडच्यानं तोंडातून शब्द काढला, तो मोडायचा कसा? क्षणभर त्यांनी इहीनबाईंकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हाव ना! जाऊ ना!" आणि लगेच फोन लावून भाच्याला सांगूनही टाकलं, की इवाई स्वतः घरी येतो म्हणून राहिले. मी ह्यांना जोरात चिमटा काढला. हे माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "म्या तं मानासाठी म्हटलं वो."

पिशवीनं मुंबईच्या बंदरावरही इंगा दाखवला. तपासणीच्या बाईनं लोणच्याची बरणी बाहेर काढली आणि हे काय म्हणून विचारलं. इवाईबुवा म्हणाले, "बहिणीनं दिलं." जणू परवानाच. तिनं झाकण उघडून वास घेतला, दुसऱ्या माणसाला बोलावलं, तो जोरात शिंकला, आणि दोघांनी हातानंच जा म्हणून सांगितलं. मी मनात म्हणत होते, जप्त करा, बाप्पा, जप्त करा ती पिशवी. माझं कोण ऐकतंय!

कोचीला जहाज लागलं. बंदरात उतरलो तर शेजारी पाणी चमकत होतं. ह्यांना एकदम माझी आठवण झाली. हळूच म्हणाले, "घे, हे पाणी. लाव हात अन् मोकळी हो."

"ही खाडी आहे," मी म्हटलं. "ह्यात नद्यांचं पाणी मिसळलंय."

"हिले अस्सलच पाह्यजे," हे पुटपुटले आणि पुढं चालू लागले.

उतरताना जहाजावर तीनतीनदा सांगितलं होतं, की आठनंतर जहाज कोणासाठी थांबणार नाही. आमच्या ह्यांना ते पटलेलंच नव्हतं. "असं म्हणतच असतात ते. सीटा भरल्याशिवाय कोणती गाडी सुटते?" दर्यापूरच्या जीपगाड्यांत वाढलेला माणूस. तिथं टपावर दोघं कमी असले तरी ड्रायव्हर पान खायला जातो.

गेटवर भाचा टॅक्सी घेऊन हजर. गुणी पोरगा. भर रस्त्यात चौघांच्या पाया पडला, पिशवी खांद्यावर घेतली. टॅक्सीत मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "समुद्र या बाजूलाच का रे बाबा?" तो म्हणाला, "हो काकू, आमच्या घरून अगदी जवळ. चहा झाला की जाऊच." माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, चहाला किती वेळ लागतो?

दार उघडलं भाच्याच्या बायकोनं. अकोटची मुलगी, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. दारात रांगोळी, डोक्यावर पदर, आणि इहीनबाईंना पाहिलं तशी ती "मामी!" म्हणून गळ्यातच पडली. "मामी, दिवाळीपासून घरात मराठी माणूस नाही आला वो. खालच्या दुकानदाराशी हातवारे करून बोलावं लागते. परवा जिरं मागायला गेली तं त्यानं बडीशेप दिली, मी तीच घालून भाजी केली, अन् ह्यांनी काही न बोलता खाल्ली." एका दमात सांगून ती रडली, आणि रडता रडता पाणी आणायला आत गेली. तिच्यावर चिडावं तरी कसं? मी फार प्रयत्न केला, पण जमेना.

चहा आला. चहासोबत चिवडा आला. चिवड्यानंतर स्वयंपाकघरातून वास आला. तो वास मी ओळखते. पातोडीच्या रश्श्याचा. बेसन शिजवून, थापून, वड्या पाडून, वर झणझणीत रस्सा. ती भाजी चहासोबत कोणी करत नाही. ती करतात माणसाला जेवू घालायला.

"जेवल्याबिगर जाऊ देणारच नाही," मुलगी म्हणाली. "सकाळपासून करून राहिली मी."

खरं तर या वेळी कोणीतरी उठून उभं राहायचं, आणि वेळ झाली म्हणायचं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे इवाईबुवांकडे पाहत होते. इवाईबुवा ह्यांच्याकडे. "तुमी म्हणान तसं, इवाईबुवा." "नाई, तुमी म्हणान तसं." असं दोनदा झालं आणि दोघंही मांडी घालून ताटावर बसले. मग आग्रह. इवाईबुवा म्हणाले, तुमी भाकर घेतली तं म्या घेतो. हे म्हणाले, तुमी रस्सा घेतला तं म्या घेतो. दोघांना ढेकर आले तरी एकमेकांच्या मानाखातर जेवत होते. जहाजावर दोन दिवस सतरा तऱ्हेची पक्वान्नं समोर होती, तिथं "पोट ठीक नाई" म्हणून दोघं ताकावर राहिले होते.

मी ताट घेऊन बाल्कनीत गेले. दोन इमारतींच्या मधून समुद्र दिसत होता. साडीच्या काठाएवढी पट्टी. ती आधी सोन्यासारखी होती, मग तांबडी झाली. सूर्य कोणत्यातरी टाकीच्या मागं गेला, तो मला दिसलासुद्धा नाही. मला रडू आलं. साठीला आलेली बाई, हातात भाकर घेऊन रडतेय, आणि आत हे म्हणताहेत, "अर्धी घ्या इवाईबुवा, अर्धी." इतका राग आला मला त्या दोघा पुरुषांचा, की ते ताट तिथूनच खाली सोडून द्यावं वाटलं.

तेवढ्यात मागून इहीनबाई आल्या, वाढायला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या पट्टीकडे पाहिलं. भाकर न वाढताच आत गेल्या. मला वाटलं, घ्या, आता अकोलाभर होईल, मास्तरीण जेवता जेवता रडते म्हणून.

जेवणं उरकली. मी पर्स उचलली. पण सवाष्ण घरातून अशी जाते का? मुलीनं पाट मांडले, आमच्या दोघींच्या ओट्या भरल्या. खण, तांदूळ आणि भलाथोरला नारळ. केरळात ओटीला नारळाची काय कमी! ओट्या झाल्या तर बाळापूरहून व्हिडिओ कॉल आला. लोणचं पोचलं का, बरणी फुटली तं नाई, इवाई जेवले का, पोटभर जेवले का. मग फोन शेजारणीकडे. शेजारणीनंही विचारलं, इवाई जेवले का. इवाई जेवले होते. इवायांना उठवत नव्हतं इतके जेवले होते.

टॅक्सीत बसलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले. भाचा पुढं ड्रायव्हरशेजारी. घड्याळ पाहून तो ओशाळला. "मामा, समुद्रावर जायला आता वेळ नाही उरला. सरळ बंदरावरच जाऊ." मीच म्हटलं, "बरोबर आहे. जहाज चुकायला नको." स्वतःच्याच तोंडानं म्हटलं. इतकी वर्षं शिस्त शिकवली, ती कुठं जाते!

एका वळणावर खारा वारा आत आला. डावीकडे एक गल्ली, गल्लीच्या टोकाला काळोख, आणि काळोखात तो आवाज. मी मान फिरवून दुसरीकडे पाहायला लागले.

"थांबव!"

इहीनबाई. ड्रायव्हरला मराठी येत नव्हती, पण असा आवाज कोणत्याही भाषेत कळतो. गाडी जागेवर थांबली.

"अवं, काय झालं?" इवाईबुवा दचकले.

"उतरायचं हाय. समुद्र पाह्याचा हाय."

"पागल झाली का? जहाज जाईन!"

"जाऊ द्या जहाजाले. रेल्वेनं जाऊ."

"इवाईबुवा काय म्हणतीन?" त्यांनी ह्यांच्याकडे हात केला.

मग त्या बाईचा बांध फुटला. "इवाईबुवा काय म्हणतीन, इवाईबुवा काय म्हणतीन! पिशवी गेटवर द्याची होती ना तुमाले? मंग तसं बोलले काहून नाई?"

"आता इवाईच घरी जाऊ म्हणले, म्या नाई कसं म्हणू?" इवाईबुवा म्हणाले.

"म्या तं मानासाठी म्हटलं होतं," आमचे हे एकदम बोलून गेले. "मले वाटलं तुमी नको म्हणान."

भाचा खिडकीबाहेर बघायला लागला. बिचाऱ्याच्या घरी आजवर एवढे पाहुणे कधी आले नव्हते, आणि त्यातल्या एकालाही यायचं नव्हतं.

"तुमच्या दोघांच्या मानात एका बाईचा समुद्र गेला," इहीनबाई म्हणाल्या. "पोरीचं लगन झाल्यापासून मी तुमच्या कोणापुढं नाई म्हटलं नाई. आज म्हणून राहिली. उतरा वो इहीनबाई!"

आणि त्यांनी माझं मनगट धरलं. पोराच्या आईला असं कोणी ओढत नसतं, आमच्याकडे तर नाहीच. मी खणानारळासकट ओढली गेले. गल्लीतून जवळजवळ धावलो आम्ही. मासे धरायच्या टांगत्या जाळ्यांचे मोठाले खांब, कणसं भाजणारा एक म्हातारा, फुगे, पोरं, आणि मग पायाखाली मऊ वाळू. मी चप्पल काढली. पुढं तो होता. काळा, थोरला, आणि पुस्तकात कुठंही न लिहिलेला असा त्याचा आवाज. पांढरी कड धावत माझ्याकडे आली, आणि मी किंचाळून मागं पळाले.

खरंच पळाले. मी, जिनं फळ्यावर हजार लाटा काढल्या.

इहीनबाई गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून ओल्या वाळूत उभ्या होत्या. "काय झालं? या ना."

"इहीनबाई," मी म्हटलं, "मी आजपर्यंत कधी..."

"मले माईत हाय."

"कसं माहीत? मी तर कोणाला सांगितलं नाही."

"ज्यानं पाह्यला असते, तो एवढं बोलत नाई वो," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी समजलं मले. म्हटलं, बाईले हौस हाय अन् सांगता येऊन नाई राहिलं. म्या वाट पाहून राहिली होती, कवा म्हणतीन, कवा म्हणतीन. पण तुमी काई म्हटलंच नाई."

मला इतकी लाज वाटली, आणि त्या लाजेबरोबर इतकं बरं वाटलं, की मी मोठ्यानं हसायलाच लागले. त्यांनी हात पुढं केला. मी तो धरला आणि गेले. पाणी आलं. वाटलं होतं थंड असेल, पण ते कोमट होतं, आंघोळीला काढून ठेवल्यासारखं. घोट्यावरून पोटऱ्यांपर्यंत चढलं, साडीच्या निऱ्या जड झाल्या, आणि परत जाताना त्यानं मला चक्क पुढं ओढलं. पाणी ओढतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही कोणाला सांगितलं नव्हतं. मी वाकले, ओंजळ भरली, आणि तोंडावर मारली.

मागं रस्त्यावर हे आणि इवाईबुवा दोघं मिळून "जहाज जाईन!" म्हणून ओरडत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघं एक वाक्य म्हणत होते आणि त्यात मान कोणाचाच नव्हता. जहाज मिळालं का म्हणून पुढं सगळ्यांनी विचारलं. मिळालं. शिडी काढायच्या बेतात असताना आम्ही चढलो, दोघी ठिबकत. पण त्या घटकेला जहाज गेलं काय आणि राहिलं काय, मला सारखंच होतं.

"चला आता," इहीनबाई म्हणाल्या. "लय झालं. आपले दोघं घाबरून मरतीन तिकडे."

"इहीनबाई," मी म्हटलं, "आखीन एक लाट येऊ द्या ना."

त्यांनी हात सोडला नाही, आणि एक पाऊल आणखी आत सरकल्या.